गाव रिकामं आहे

१

दर मंगळवारी सकाळी नऊ वाजता बोडीटोल्याची सगळी माणसं घराबाहेर काढायची, मोजायची आणि तलावाच्या पलीकडच्या पारेवर, म्हणजे मातीच्या बांधावर, नेऊन बसवायची, हे शालिकराम लांजेवारचं काम होतं. विमानतळाच्या नोकरीत असलं काही करावं लागेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

तो मूळचा आरमोरीचा. मॅट्रिक होऊन नागपूरच्या विमानतळावर लागला आणि तिथल्या कंट्रोलच्या खोलीत सात वर्षं वायरलेसवर बसला. सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात लष्करी विमानांच्या बॉम्बफेकीच्या सरावासाठी चांदा जिल्ह्याच्या जंगलातला एक तुकडा ठरला. कंट्रोलच्या नकाशावर त्याचं लाल पेन्सिलीचं वर्तुळ उमटलं, मधल्या उघड्या टेकडीवर चुन्याचा मोठा गोल फासला गेला. टेकडीपासून दोन मैलांवर, विमानं ज्या रेषेनं येणार त्याच रेषेखाली, बोडीटोला होता. मासे धरणाऱ्या ढिवरांची आणि कुणब्यांची मिळून अकरा घरं, त्रेचाळीस माणसं. 'तुला तिकडची बोली येते,' असं म्हणून साहेबांनी शालिकरामला धाडलं.

गावासमोरच्या तलावाच्या पलीकडच्या पारेवर सागाच्या बल्ल्यांचं उंच मचाण बांधलं होतं. वर वायरलेस, बॅटऱ्या, दुर्बीण आणि एक स्टूल. पत्रू कोतवालानं माणसं मोजून आणली, की शालिकरामनं मचाणावर चढून गाव न्याहाळायचं आणि नागपूरला 'क्लिअर' कळवायचं. तिकडे कंट्रोलवरचे दंडिगे साहेब मद्रासकडून येणाऱ्या प्रवासी विमानाला पश्चिमेकडून वळसा घ्यायला सांगायचे आणि मग वैनगंगेवर घिरट्या घालत थांबलेल्या लष्करी विमानांना आत सोडायचे. शेवटचं विमान बाहेर पडलं, की शालिकराम पुन्हा बोलायचा आणि आकाश सगळ्यांसाठी उघडायचं.

सारं त्याच्या एका शब्दावर होतं. त्याला त्याचा थोडा अभिमानही होता.

२

पहिल्या मंगळवारी मोजणी बरोबर भरली. त्रेचाळीस माणसं, गुरं, कोंबड्यांची टोपली, तरण्या रंभाच्या कडेवरचं तान्हं. चुली विझवून यायचा हुकूम होता आणि पत्रू घरोघर पाहून आला होता.

शालिकरामनं दुर्बीण लावली. कवेलूंची, कौलारू छपरं, मधली गल्ली, मोहाचं झाड. कुठे हालचाल नाही. तो माइक उचलणार, तेवढ्यात त्याला धूर दिसला. टोकाच्या घरातून एक बारीक, सरळ रेघ वर जात होती.

"पत्रूभाऊ, थे टोकाचं घर कोनाचं?"

"भागीरथाबाईचं. चूल म्या सोता पाह्यली. पानी मारलं होतं तिच्यावर."

"जाऊन पाहून या पुन्हा."

पत्रू गेला, वीस मिनिटांनी धापा टाकत आला. चूल थंड होती. धूर तोवर विरलाही होता. शालिकरामनं स्वतःची समजूत घातली. थंडीचे दिवस, तलावावरचं धुकं छपरांवर रेंगाळतं. त्यानं उजव्या हातात माइक धरला, सवयीनं डाव्या तळव्यानं दुसरा कान दाबला आणि सांगितलं, "एरिया क्लिअर. गाव रिकामं आहे."

विमानं आली. एक बॉम्ब रेषेआधीच सुटला आणि तलावाखालच्या बांधीत, धानाच्या शेतात, पडला. सरावाचा बॉम्ब, आत दारू नसलेलं नुसतं लोखंड. तरी बैल उभा राहील एवढा खड्डा पडला.

दुपारी माणसं घरी परतली आणि थोड्याच वेळात भागीरथाबाई मचाणाखाली येऊन उभी राहिली. साठीची, सुकलेल्या अंगाची, जाळं ओढून ओढून हात राठ झालेली.

"बाबू, खाली उतर. तुले काई दाखवाचं हाये."

तिच्या घरात चूल थंडच होती. पण चुलीपुढे पाच पत्रावळी मांडल्या होत्या. जेवून झालेल्या. कडेला लाखोरीच्या वरणाचे डाग, भाताची शितं. अजून ओली.

"आमी घरात पाच जनं," ती म्हणाली. "कोनाची पत्रावळ कुठी असते, थे बी बराबर मांडलं."

"चोर असंल बाई. मोकळं गाव पाहून शिरला असंल."

"चोर पाच पानं मांडून जेवते काय?" तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तू वर बसून काय सांगतलं नागपूरले?"

त्यानं सांगितलं.

"रिकामं आहे म्हून सांगतलं. रिकाम्या घरात कोनी ना कोनी रायाले येतेच," ती हळूच म्हणाली आणि पत्रावळी गोळा करायला वाकली.

३

पुढच्या आठवडाभर शालिकराम त्या पाच पत्रावळींना कारणं शोधत होता. जंगलातले कोणी भुकेले वाटसरू. गावातल्याच कोणाची खोडी. प्रत्येक कारण दिवसा पटायचं. पण बाकीच्या घरांतूनही गोष्टी कानावर येत होत्या. कोणाचं अंगण सारवलेलं सापडलं. कोणाच्या पाळण्याची दोरी कोणीतरी नव्यानं बांधून ठेवली होती. काही चोरीला गेलं नव्हतं. कोणीतरी तिथं तीन तास नुसतं राहिलं होतं.

दुसऱ्या मंगळवारी माणसं निघायला तयार नव्हती. पत्रूनं हात जोडले, हुकूम वाचून दाखवला, तेव्हा कशीबशी निघाली. शालिकरामनं या वेळी स्वतः मोजलं. त्रेचाळीस. तो मचाणावर चढला. गाव स्तब्ध होतं, धूर नव्हता.

मग आवाज आला.

तलावाच्या पाण्यावरून आवाज लांबवर येतो. धप्, धप्, मध्ये थोडी उसंत, पुन्हा धप्. गावात कोणीतरी उखळात धान कांडत होतं. खाली पारेवर बसलेल्या बायका बोलायच्या थांबल्या. आवाज एका मुसळाचा नव्हता. दोघी समोरासमोर उभ्या राहून कांडतात, तसा होता, एकीचा घाव चुकवून दुसरीचा.

"पत्रूभाऊ," शालिकरामनं वरून हाक दिली.

"मी नाई जात," पत्रू खाली मान घालून म्हणाला. "नोकरी गेली तं गेली."

वायरलेस खरखरला. "लांजेवार, साडेदहा होऊन गेले. चार विमानं नदीवर फिरताहेत. मद्रासचं विमान मी वळसा घालून धाडलंय. क्लिअर दे."

"नाही देत, साहेब. गावात कोणीतरी आहे."

"मोजणी?"

"त्रेचाळीस. पूर्ण भरली."

"मग आत कोण आहे?"

"ते मला माहीत नाही. पण धान कांडतंय."

दंडिगे चांगले गृहस्थ होते, शालिकरामला त्यांनीच तयार केलं होतं. "हे मी वहीत कसं लिहू, सांग. मोजणी पूर्ण असताना तुला नाही म्हणता येत नाही. नियमात तसं नाही."

"लिहा, की लांजेवारनं नाही म्हटलं. ज्या गावात मला आवाज ऐकू येतोय, ते रिकामं आहे असं मी बोलणार नाही."

त्या दिवशी विमानं बॉम्ब न टाकता परत गेली. शालिकरामनं माइक खाली ठेवला. त्याला बरं वाटत होतं.

गावातलं कांडण मात्र त्याच क्षणी थांबलं. कोणीतरी कान देऊन ऐकत असावं, तसं.

४

वरच्या ऑफिसचं पत्र सोमवारी आलं. मोजणी पूर्ण असताना पुन्हा नकार दिल्यास नोकरी संपली, असा त्याचा अर्थ. शालिकरामनं ते घडी करून खिशात ठेवलं. घरी आरमोरीला आई होती, बायको होती. पत्र खिशात दिवसभर बोचत राहिलं.

मंगळवारी मोजणी झाल्यावर तो मचाणावर चढला, पण बसला नाही. वायरलेस बंद केला. माइकची वायर सेटमधून काढली, ती गुंडाळून माइक पिशवीत टाकला. एकच माइक होता. तो नसताना कोणाला काही बोलता येणार नव्हतं. दुर्बीण गळ्यात अडकवली आणि तो पारेवरून गावाकडे निघाला.

"एकटा कुठी चालला?" भागीरथाबाईनं विचारलं.

"पाहून येतो. कोनी नसंल तर सांगीन, नाई म्हून. असंल तर त्याले हाकलीन."

"आन् थो नाई हालला तं?"

तो चालत राहिला.

गावाच्या तोंडाशी अंगणांत ताजा सडा होता. शेणाचा वास अजून ओला होता. मोहाच्या झाडाखाली कोणीतरी गोवऱ्या थापून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीवर पाच बोटं उमटली होती. तो पहिल्या घरापाशी आला. आत बोलणं चालू होतं. हळू, घरगुती, सकाळच्या कामांचं बोलणं. शब्द कळत नव्हते, पण सूर इथल्याच बोलीचा होता. त्यानं दार ढकललं.

आत कोणी नव्हतं. बोलणं शेजारच्या घरात चालू झालं.

तो शेजारी गेला. तिथलं थांबलं, पुढच्या घरात सुरू झालं. असं तो टोकापर्यंत गेला. घाई केली नाही. पळालो तर हे गाव त्यांचं होईल, असं काहीतरी त्याच्या मनात घट्ट बसलं होतं. 'त्यांचं' म्हणजे कोणाचं, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. भागीरथाबाईच्या घरात चूल पेटलेली होती. या वेळी पत्रावळी सहा मांडल्या होत्या. सहावी दाराजवळ होती, पाहुण्याची. तिच्यावरच्या भाताला वाफ येत होती.

"मी नाई जेवत तुमच्या इथी," शालिकराम मोठ्यानं म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला त्या खोलीत परका वाटला. त्यानं घडाभर पाणी चुलीत ओतलं आणि बाहेर आला.

अंगणात येऊन त्यानं तलावापलीकडे पाहिलं. पारेवर गावची माणसं बसलेली दिसत होती. त्यांच्यावर मचाण. मचाणावर कोणीतरी होतं.

त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली. स्टुलावर खाकी शर्टातला एक माणूस पाठमोरा बसला होता. उजवा हात तोंडाशी. डाव्या तळव्यानं त्यानं दुसरा कान दाबून धरला होता.

शालिकरामनं पिशवीत हात घातला. माइक तिथंच होता.

मग दक्षिणेकडून विमानांचा आवाज यायला लागला.

५

नियम असा, की पहिली फेरी कोरी. विमान खालून जातं, रेषा पाहून घेतं, दुसऱ्या फेरीला बॉम्ब टाकतं. शालिकरामला नियम तोंडपाठ होता. त्याच्या हाती एक फेरी होती.

पारेपर्यंत पळायला दहा मिनिटं लागली असती. तो पळाला नाही. गल्लीच्या मधोमध, उघड्यावर जाऊन उभा राहिला, धोतर सोडलं आणि ते दोन्ही हातांनी डोक्यावर फडकवू लागला. शर्ट आणि लंगोटावर, भर सकाळी. पायलटला खाली एक माणूस दिसला तरी पुरे होतं.

पलीकडे भागीरथाबाईनं ते पाहिलं. ती नंतर सांगायची, की तिला मचाणावर कोणी दिसलंच नाही. तिला फक्त हा गावात उभा दिसला आणि वर विमान दिसलं. तिनं डोक्यावरचा पदर खोचला आणि पारेवरून गावाकडे चालायला लागली. पत्रू ओरडला, हुकूम नाही म्हणाला. तिनं मागे वळून पाहिलं नाही. तिच्यामागे तिचा मुलगा मुखरू निघाला, मग रंभा तान्हं घेऊन, मग सगळे. शेवटी पत्रूही.

पहिलं विमान छपरांवरून इतकं खालून गेलं, की कवेलू खडखडले. ते वळून परत येईपर्यंत गल्लीत माणसं जमली होती. कोणी लपलं नाही. सगळी उघड्यावर, वर तोंड करून उभी होती.

विमान आलं. डोक्यावर येता येता त्यानं नाक उचललं आणि ते बाजूला वळलं. मागची तिन्ही त्याच्यामागे गेली. आवाज टेकडीपलीकडे विरला.

"बाबू, धोतर नेस," भागीरथाबाई म्हणाली.

तो मचाणावर परत चढला तेव्हा स्टूल रिकामं होतं. वायरलेसचा खटका त्यानं बंद केला होता तसाच बंद होता. त्यानं सेटच्या पत्र्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. सेट तापलेला होता.

६

चौकशी चांद्याच्या डाक बंगल्यात झाली. दोन अधिकारी, एक टंकलेखक आणि आधीच टाइप करून आणलेला जबाब. त्यात लिहिलं होतं, की शालिकराम लांजेवारनं क्लिअर दिलं आणि नंतर जागा सोडून तो गावात गेला.

शालिकरामनं पिशवीतून माइक काढून टेबलावर ठेवला. "हा माझ्याकडे होता. गावात. त्रेचाळीस माणसं साक्षीला आहेत."

"नागपूरला तुझा आवाज ऐकू आला."

"तो माझा नव्हता."

"मग कोणाचा?"

"ते मला विचारू नका. मी बोललो नाही, एवढंच मी लिहून देईन."

"सही केलीस तर बदलीवर भागेल. नाही केलीस तर नोकरी जाईल."

शालिकरामनं कागद त्यांच्याकडे सरकवला. सही केली नाही. त्याच्या जागी दुसरा माणूस पुढच्या बुधवारी येईल, तोवरचा एक मंगळवार त्यानं सांभाळावा, असं ठरलं.

बाहेर व्हरांड्यात दंडिगे साहेब थांबले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"लांजेवार, सात वर्षं मी तुझा आवाज ऐकतोय. तूच होतास."

"नव्हतो, साहेब."

"पायलटनं कळवलं, गावात माणसं आहेत. मी तुला विचारलं. तू शांतपणे म्हणालास, ती माणसं गावची नाहीत. गावचे सगळे घरांत आहेत, जेवताहेत." त्यांनी घाम पुसला. "गाव रिकामं आहे, असं आधी तूच सांगितलं होतंस. मग ते घरांत कसे? मला तेव्हाच शंका आली. मी विमानं परत बोलावली, पण तोवर पायलट स्वतःच वळला होता."

"पुढच्या मंगळवारी काय करणार?"

"तुझा शब्द आला तर मला विमानं सोडावी लागतील. आणि तो तुझा शब्द आहे की नाही, हे मला इथून कसं कळणार?"

शालिकरामनं यावर चार दिवस विचार केला.

७

मंगळवारी मोजणी झाली नाही. शालिकरामनं वायरलेस आणि बॅटऱ्या मचाणावरून उतरवल्या, मुखरूच्या बैलबंडीत घातल्या आणि भागीरथाबाईच्या अंगणात आणून मांडल्या. सगळं गाव अंगणात बसलं होतं. चुली पेटलेल्या होत्या. प्रत्येक घरातून धूर निघत होता.

"आज नाई निघाचं कोनी," त्यानं सांगितलं. "पन इथी आहो, हे तुमाले सोताच्या तोंडानं सांगा लागंल. एकेकानं."

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यानं नागपूरला हाक दिली. "लांजेवार बोलतोय. गाव रिकामं नाही. त्रेचाळीस माणसं आत आहेत, चव्वेचाळीसावा मी. क्लिअर देत नाही."

त्यानं बोलायचा खटका सोडला. सेटमधून दंडिग्यांचं उत्तर यायच्या आधी दुसराच आवाज आला. त्याचाच. सावकाश, खात्रीचा.

"एरिया क्लिअर. गाव रिकामं आहे."

अंगणात कोणी हललं नाही. रंभानं तान्हं छातीशी धरलं. शालिकरामनं खटका दाबला आणि माइक पत्रूपुढे धरला.

"मी पत्रू. कोतवाल. गावात आहो."

"मी मुखरू. गावात आहो."

"मी रंभा. आन् हे माह्यं लेकरू. याले अजून बोलता येत नाई."

लेकरू रडलं, तेही नागपूरला गेलं. म्हातारे आले, बाया आल्या. कोणी माइकला हात लावायला भीत होतं, कोणी ओरडून बोलत होतं. मध्ये मध्ये खटका सुटला, की तो आवाज यायचा, तेच वाक्य म्हणायचा, आणि पुढचा माणूस त्यावर आपलं नाव घालायचा. आवाज एक होता. नावं वेगवेगळ्या गळ्यांतून येत होती. प्रत्येकाचा खोकला, प्रत्येकाचा हेल वेगळा. तेवढं त्या आवाजाला जमत नव्हतं.

शेवटी दंडिगे बोलले. "बेचाळीस नावं लिहिली, लांजेवार. लष्करी विमानं परत पाठवतोय. मद्रासचं विमान सरळ तुमच्यावरून येऊ देतो. हे वर्तुळ मी आज खोडणार, आणि का खोडलं ते वर जाऊन मी सांगेन. माझी नोकरी गेली तरी."

थोड्या वेळानं प्रवासी विमान आलं. खूप उंचावरून, उन्हात चमकत, सरळ गावावरून गेलं. माणसं पहिल्यांदाच डोळ्यांवर हात धरून ते दिसेनासं होईपर्यंत पाहत राहिली.

भागीरथाबाईचं नाव राहिलं होतं. ती पुढे आली, माइक हातात घेतला, तेव्हा सेट पुन्हा खरखरला. आता त्यातला आवाज शालिकरामचा राहिला नव्हता. कोणाचाच नव्हता, किंवा पुष्कळांचा होता, आणि तो इथल्या बोलीत बोलला.

"मंग आमी कुठी जावाचं?"

शालिकराम सेट बंद करायला वाकला. भागीरथाबाईनं त्याचा हात बाजूला केला आणि खटका स्वतः दाबला.

"थे मले मालूम नाई," ती म्हणाली. "इथी नाई."